पाँटून बोटीसाठी इंजिन कोणते घ्यावे : पेट्रोल, डिझेल की बॅटरी?

रेवातीर

सर्व सभासदांना नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहतो. आमच्या मामांची शेती खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागर जलाशयाच्या दक्षिण काठावर आहे, आणि धरण भरले की पाणी त्यांच्या बांधापर्यंत येते. गेल्या वर्षी आम्ही तिघा भावंडांनी मामांच्या साथीने एक जुनी पाँटून बोट घेतली. ॲल्युमिनियमच्या दोन बंद नळ्या, प्रत्येकी ६ मीटर लांब आणि ६० सेंटीमीटर व्यासाच्या, त्यांवर सपाट डेक, भोवती कठडा, बाके आणि ऊन अडवणारे छत, अशी तिची रचना आहे. विकणाऱ्याने इंजिन काढून ठेवले होते, त्यामुळे मागची पट्टी रिकामी आहे आणि त्या रिकाम्या जागेनेच आम्हाला सहा महिने अडकवून ठेवले आहे.

बोट भाड्याने द्यायची नाही, फक्त घरच्यांसाठी वापरायची आहे. यामागे एक खरे कारण आहे, ते मोकळेपणाने सांगतो. माझ्या आईचे बालपण हरसूदला गेले. २००४ मध्ये ते गाव जलाशयासाठी रिकामे झाले आणि नंतर बुडाले. आई आता ७४ वर्षांची आहे. जिथे आपले घर होते त्या पाण्यावरून एकदा जाऊन यावे, एवढीच तिची इच्छा आहे. आमच्या काठापासून नकाशावर मोजले, तर जाऊन-येऊन २२ किलोमीटर होतात.

इंदूरच्या एका विक्रेत्याने ४० अश्वशक्तीचे पेट्रोल आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या पट्टीवर बाहेरून टांगायचे इंजिन, सुचवले. काठावरचे मासेमार म्हणतात की शेतीपंपाचे डिझेल इंजिन बसवा, ते कुठेही दुरुस्त होते. माझा भाचा म्हणतो की बॅटरीवरची मोटर घ्या. बोटीवर बारा जणांची बाके आहेत. ज्यांनी अशा पाण्यावर बोट चालवली आहे किंवा इंजिने हाताळली आहेत, त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा.

जुना वर्कशॉपवाला

रेवातीर, आपला प्रश्न इंजिन कोणते असा असला, तरी त्याच्या आधी बोट किती वेगाने जाऊ शकते हे पाहावे लागते. जी नाव पाणी बाजूला सारत जाते, तिच्या वेगाला पाण्यावरच्या लांबीची मर्यादा असते. फुटांमधल्या लांबीचे वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की ताशी सागरी मैलांमधला वेग मिळतो. आपल्या ६ मीटरच्या म्हणजे साधारण पावणेवीस फुटांच्या नळ्यांना तो सुमारे ६ सागरी मैल, म्हणजे ताशी ११ किलोमीटर येतो. त्यापुढे जायचे असेल तर नळ्यांना पाण्यावर चढून घसरावे लागते. त्यासाठी नळ्यांच्या खाली पाणी दाबणाऱ्या पट्ट्या असाव्या लागतात आणि शक्ती कितीतरी पटींनी वाढवावी लागते. आपल्या नळ्या साध्या गोल असतील, तर ४० अश्वशक्तीतली बरीचशी शक्ती मागे फेस काढण्यातच खर्च होईल. आईंना घेऊन फिरायचे आहे, तेव्हा ताशी ७-८ किलोमीटर पुरेसे आहेत असे मी धरून चालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या पट्टीची उंची मोजून कळवा. आउटबोर्डचा दांडा १५, २० किंवा २५ इंचांचा मिळतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण नळ्यांच्या तळाच्या पातळीला यावी लागते. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसते ओरडते. लांब झाला तर तो पाण्याखालच्या झाडांच्या खुंटांवर आपटतो. पाँटूनला बहुधा २० इंची दांडा लागतो, पण माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मालवी माणूस

माझे मत टू-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्डकडे आहे. वजनाला हलके, भाग कमी, आणि स्कूटर दुरुस्त करणारा कोणताही जुना कारागीर ते उघडून बसवू शकतो.

पुनासाकर

मी या जलाशयाच्या काठी अकरा वर्षे नोकरी केली आहे, म्हणून पाण्याविषयी थोडे लिहितो. इंजिनाचा विचार पाण्यापासून सुरू व्हावा असे मला वाटते.

या जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी २६२.१३ मीटर आहे आणि वीजनिर्मितीसाठी पाणी उतरवता येण्याची किमान पातळी २४३.२३ मीटर आहे. म्हणजे पावसाळ्यानंतरच्या आणि उन्हाळ्याच्या अखेरच्या पाण्यात जवळजवळ १९ मीटरचे अंतर पडू शकते. भादव्यात जे पाणी मामांच्या बांधाला लागते, ते वैशाखात कितीतरी दूर गेलेले असते आणि मधे चिखल व भेगाळलेली जमीन उरते. इंजिन जड असेल तर ते त्या चिखलातून कोण उचलून नेणार, हा प्रश्न आधी सोडवा. दोन माणसांना उचलता येईल असेच यंत्र तिथे कामाचे आहे.

त्याहून मोठी अडचण पाण्याखालची आहे. बुडालेल्या जंगलातले सागाचे आणि इतर झाडांचे खुंट अजून उभे आहेत. पाणी भरलेले असताना ते खोल असतात, पण पातळी उतरू लागली की पंख्याच्या वाटेत येतात. त्यात मासेमारांची जाळी असतात. नायलॉनचा धागा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला गेला की तो आतल्या तेलाच्या सीलपर्यंत जातो, सील कापतो, आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. तेल दुधासारखे पांढरे दिसले की समजावे. म्हणून आउटबोर्ड वर उचलता येते हा त्याचा मोठा गुण आहे. बोटीच्या पोटातून दांडा बाहेर काढलेले डिझेल इंजिन जाळ्यात अडकले, तर कुणाला तरी पाण्यात उतरावे लागते.

वल्हेकरी

टू-स्ट्रोकविषयी मालवी माणूस यांच्याशी मी नम्रपणे असहमत आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येत असतानाच जळलेला वायू बाहेर ढकलला जातो, आणि त्या धक्क्यात जवळजवळ चतुर्थांश इंधन न जळताच निघून जाते. आउटबोर्डचा धूर पाण्याखाली सोडलेला असल्यामुळे ते पेट्रोल आणि त्यात मिसळलेले तेल थेट पाण्यातच जाते. आपल्या इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी जलूदला उचलले जाते, आणि जलूद या धरणाच्या खालच्या अंगाला आहे. जे पाणी आपण घरी गाळून पितो, त्यात आपणच तेल सोडावे हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा परवानगीचा आहे आणि तो इंजिन घेण्याच्या आधी यायला हवा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठाने भोज पाणथळ क्षेत्रातल्या, म्हणजे भोपाळच्या तलावांवरच्या, क्रूझ आणि मोटरबोटी बंद करण्याचा आदेश दिला होता. पिण्याच्या पाण्याचे स्रोत हा त्यातला कळीचा मुद्दा होता. त्यामुळे नर्मदेच्या जलाशयावर आज कोणत्या इंजिनाला मुभा आहे, हे जिल्हा प्रशासनाकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. शिवाय १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. त्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या नौकेची नोंदणी, तपासणी आणि विमा या गोष्टी येतात. बॅटरीची मोटर हेही यंत्रच आहे, तेव्हा ती घेतली म्हणून या सगळ्यातून सुटका होते असा समज करून घेऊ नये.

मालवी माणूस

वल्हेकरी यांचा चतुर्थांश इंधनाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. मी माझे मत मागे घेतो. दुरुस्तीची सोय मात्र कुणी विचारात घ्यावी, कारण पाण्याच्या मध्यावर कारागीर येत नाही.

बॅटरीवाली

रेवातीरदादा, तुमच्या भाच्याच्या बाजूने मी सविस्तर लिहिते, कारण सौर पंप आणि बॅटऱ्या बसवणे हेच माझे रोजचे काम आहे.

पाण्यात वेगाची किंमत फार चढी असते. या प्रकारच्या बोटीत वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते. याचाच दुसरा अर्थ असा की वेग थोडासा कमी केला तरी शक्तीची खूप बचत होते, आणि तिथेच बॅटरीचा हिशेब जमतो. ४८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, तर तिच्यात ९.६ युनिट वीज मावते. त्यातली ८० टक्के वापरायची असे ठरवले, तर ७.७ युनिट हाताशी राहतात. सावकाश फिरताना मोटर दीड ते अडीच किलोवॉट ओढेल असे धरले, तर तीन ते पाच तास मिळतात. शेतावरच्या घरातल्या १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर दोन किलोवॉटचा चार्जर लावला, तर रात्रभरात ती पुन्हा भरते.

हे केवळ कागदावरचे नाही. केरळमध्ये वैक्कम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर नौका चालते आहे. तिचा सांगाडाही दोन अंगांचा आहे, म्हणजे तुमच्या पाँटूनचीच मोठी बहीण म्हणा. दोन अरुंद अंगे पाणी कमी अडवतात आणि वरचे रुंद छत पॅनेलना जागा देते, हे दोन्ही गुण तुमच्या बोटीत आधीपासूनच आहेत. छतावर चारशे वॉटची तीन पॅनेल बसली, तर हिवाळ्याच्या स्वच्छ दिवशी चार ते पाच युनिट मिळू शकतील. पण त्यांचे साठ-पासष्ट किलो वजन उंचावर चढते, म्हणून मी पॅनेल काठावरच्या शेडवर बसवण्याचा सल्ला देईन.

एक सावधगिरी सांगते. या बॅटऱ्या ४५ अंशांपेक्षा अधिक तापमानात चार्ज करू नयेत असे बहुतेक उत्पादक सांगतात. निमाडातल्या मे महिन्यात बंद बाकाखाली तेवढी उष्णता सहज होते. उन्हाळ्यात चार्जिंग रात्रीच करावे आणि बॅटरीच्या पेटीला दोन्ही बाजूंनी हवेची वाट ठेवावी.

खंडवारोड

बॅटरीवालीताईंचा हिशेब शांत पाण्याचा आहे, आणि मला त्याचीच काळजी वाटते. चार वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस मी मित्रांसोबत याच जलाशयावर अशाच सपाट बोटीतून गेलो होतो. मागे छोटे आउटबोर्ड होते. सकाळी पाणी आरशासारखे होते. दुपारी अडीचच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला आणि अर्ध्या तासात फूट-सव्वा फुटाच्या लाटा उठल्या. पाण्याचा पसारा पूर्व-पश्चिम लांब असल्यामुळे पश्चिमेच्या वाऱ्याला मैलोन्मैल मोकळी वाट मिळते. आमच्या छताचे शीड झाले. इंजिन पूर्ण उघडूनही बोट तोंड वाऱ्याकडे ठेवीना, आणि आम्ही आडवे ढकलले जात उभ्या वाळलेल्या झाडांमध्ये शिरलो. छत सोडून गुंडाळले तेव्हा कुठे बोट ऐकू लागली. आम्ही काठाला लागलो तेव्हा अंधार पडला होता.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की आई बोटीत असताना परतीच्या वाटेवर असा वारा आला आणि बॅटरी तीस टक्क्यांवर असेल, तर काय करायचे? पेट्रोलचा भरलेला डबा बरोबर नेता येतो, भरलेली बॅटरी तशी सहज नेता येत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. त्यातली चतुर्थांश जरी पंख्यापर्यंत पोचली, तरी पाच लिटरचा डबा ताईंच्या अख्ख्या बॅटरीहून अधिक काम करतो. मी तर डिझेलच म्हणेन, कारण ते बंद पडत नाही.

अहिल्याघाट

मी महेश्वरचा. घाटावर संध्याकाळी बसले की पंपाच्या डिझेल इंजिनांच्या नावा जाताना शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. रेवातीर यांच्या आईंना त्या पाण्यावर जाऊन कदाचित काही बोलायचे असेल, एवढाच विचार मनात आला.

जुना वर्कशॉपवाला

अहिल्याघाट यांचा मुद्दा मला यंत्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचा वाटतो. एका नळकांड्याच्या डिझेलचा आवाज हा त्याचा एक दोष, पण त्याची थरथर हा त्याहून मोठा दोष आहे. लाकडी नाव ती थरथर पचवते. पातळ ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला ती पचत नाही, आणि पाँटूनच्या नळीला सांध्यावर तडा गेला तर ते वरून दिसतही नाही. शिवाय असे इंजिन डेकच्या मध्यावर किंवा मागे जड बसते, त्याला दांडा आणि सुकाणू वेगळे लागतात. डिझेलची वाफ पेट्रोलसारखी सहज पेट घेत नाही, हा त्याचा एकच मोठा फायदा या बोटीपुरता मला दिसतो.

पेट्रोल घ्यायचे झाल्यास फोर-स्ट्रोकच घ्यावे, आणि अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा त्याच्या गिअरकडे पाहावे. ९.९ अश्वशक्तीच्या काही आउटबोर्डचा साधा प्रकार २.०८ ला १ अशा गिअरचा असतो (इंजिनाचे २.०८ फेरे झाले की पंख्याचा एक), तर जड नावांसाठीचा जास्त रेट्याचा प्रकार २.९२ ला १ चा असतो. दुसऱ्यात पंखा सावकाश फिरतो पण व्यासाने मोठा असतो, आणि जड, सपाट, वाऱ्यात अडणाऱ्या बोटीला तोच धरून ठेवतो. खंडवारोड यांची बोट वाऱ्यात ऐकेना, त्याचे कारण शक्ती कमी हेच असेल असे नाही. हलक्या, वेगवान होडीसाठीचा लहान पंखा त्या इंजिनाला लावलेला असण्याची बरीच शक्यता आहे.

पेट्रोलची एक नवी अडचण सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांमध्ये ती आता रोज दिसते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, आणि बहुतेक आउटबोर्ड उत्पादक १० टक्क्यांपर्यंतचीच हमी देतात. इथेनॉल हवेतली ओल शोषते. टाकी महिनोन्महिने अर्धी भरून ठेवली, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बसतो, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. रबराच्या जुन्या नळ्याही त्याने फुगतात. तेव्हा इंजिन घेताना त्याला किती इथेनॉल चालते हे पुस्तिकेत पाहा, पाणी वेगळे करणारा फिल्टर लावा, पेट्रोल गरजेपुरतेच भरा, आणि हंगाम संपला की कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. वर्षातून दहा-बारा दिवस चालणाऱ्या बोटीत इंजिन चालून जितके बिघडते, त्याहून जास्त ते पडून बिघडते. या एका कारणामुळे मी, आयुष्यभर पेट्रोल इंजिने दुरुस्त केलेला माणूस, आपल्या बाबतीत मोटरकडे झुकलो आहे.

निवृत्त मास्तर

इंजिनाची चर्चा चांगली चालली आहे, पण बारा जणांचे काय हे कुणी विचारले नाही. मी स्थापत्य शिकवत असे, त्यामुळे राहवत नाही.

६० सेंटीमीटर व्यासाची आणि ६ मीटर लांबीची नळी पूर्ण बुडाली, तर १.७ घनमीटर पाणी सारते. दोन नळ्या मिळून ३.४ टन होतात. चांगल्या बांधणीची बोट माणसांसह साधारण अर्ध्या नळीपर्यंतच बुडलेली असावी, म्हणजे एकंदर वजनाला १.७ टनांची मर्यादा आली. डेक, कठडा, बाके आणि छत धरून बोटीचे वजन ८०० किलो असेल असे मी समजतो. बारा माणसांचे ८४०, इंजिनाचे ५०, बॅटरीचे शंभरच्या आसपास, पाणी-डबे वेगळे. हे १.८ टनांच्या पुढे जाते. नळ्या अर्ध्याहून अधिक बुडाल्या की बोट जड चालते, इंजिन कोणतेही असो, आणि सगळे लोक एका बाजूला छायाचित्र काढायला धावले तर त्या बाजूची नळी पाण्याखाली जाण्यास वेळ लागत नाही. आठच माणसे बसवावीत. बाके बारांची आहेत म्हणून बारा जण चढतातच, तेव्हा चार बाके काढूनच टाकावीत.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. सहलीला मुले नेणारा शिक्षक म्हणून त्या बातमीनंतर मला कितीतरी रात्री झोप लागली नाही. लाइफ जॅकेट बाकाखाली नव्हे, अंगावर असावे. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी. पाण्यात कुणी उतरले असेल तर पंखा पूर्ण थांबलेला असावा.

ही बोट मुळात कशासाठी निघाली हेही सांगण्यासारखे आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ॲम्ब्रोज वीरेस या शेतकऱ्याने पोलादी पिंपे जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी तक्ता ठोकला. तळ्यावर घरच्या ओसरीसारखे बसता यावे, असे त्या बोटीचे रूप होते. ओसरीला ४० घोडे जुंपायचे काय कारण?

बॅटरीवाली

मास्तरकाका, बॅटरीचे वजन आपण बरोबर धरले आहे, ते शंभर किलोच्या आसपासच भरते. मात्र ती मागे न ठेवता डेकच्या मध्यावर ठेवता येते, त्यामुळे बोटीचा तोल उलट सुधारतो. पेट्रोल इंजिनाचे सगळे वजन मागच्या टोकाला लटकते.

खंडवारोड यांच्या प्रश्नाचे उत्तर मी टाळणार नाही. तीस टक्के बॅटरी आणि समोरून वारा असेल, तर ती अवस्था वाईटच आहे. त्यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचे आणि येताना त्याच्या सोबत यायचे, अशी दिशा आणि वेळ निवडणे. दुसरा उपाय म्हणजे आधी मोजणे. रेवातीरदादा, तुम्ही ही बोट दुसऱ्या नावेने ओढून मधे ताणकाटा लावलात, तर किती किलोचा ओढ लागतो ते कळेल, आणि मग आपण सगळे अंदाजांवर वाद घालणार नाही.

पुनासाकर

ताणकाट्याची कल्पना उत्तम आहे. मासेमारीची बंदी १६ जून ते १५ ऑगस्ट असते, तेवढे दिवस सोडून काठावरचे कुणीही तासभर नाव देईल.

रेवातीर

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण बॅटरीवालीताईंनी सांगितलेले मोजमाप खरोखर करून आलो. इंदूरच्या सियागंज बाजारातून शंभर किलोचा ताणकाटा घेतला, ओळखीच्या मासेमाराची डिझेल नाव पुढे, वीस मीटर दोर, आणि मागे आमची पाँटून. तीवर आठ माणसे आणि इंजिन-बॅटरीच्या वजनाची वाळूची पोती ठेवली. वेग मोबाइलवर पाहिला.

शांत पाण्यात ताशी ६ किलोमीटरला काटा २८ किलोवर स्थिरावला, ७ ला ३८ वर आणि ८ ला ५० वर. दुपारी समोरून चांगला वारा असताना ताशी ६ किलोमीटरला तोच काटा ५८ ते ६० दाखवू लागला. छत गुंडाळल्यावर तो दहा-बारा किलोंनी उतरला. खंडवारोडदादा, आपल्या त्या दिवसाची आठवण मला तिथे झाली.

मग हिशेब मांडला आणि पंख्यापर्यंत निम्मी शक्ती वाया जाते असे धरले. ताशी ७ किलोमीटरला सुमारे दीड किलोवॉट लागतात. २२ किलोमीटरला तीन तास आणि साधारण साडेचार युनिट. जाताना शांत पाणी आणि येताना पूर्ण वाटभर समोरून वारा, अशी वाईट स्थिती धरली, तर सहा युनिटांच्या आसपास जातात. ७.७ मधून दीडएक उरतात. पोचतो खरे, पण आईला घेऊन एवढ्या थोड्या उरीवर जाण्याची माझी तयारी नाही.

म्हणून असे ठरवत आहोत. मुख्य चालना ४८ व्होल्टच्या सहा किलोवॉट मोटरची. तिच्या शेजारी, स्वतंत्र पट्टीवर, जास्त रेट्याच्या गिअरचे ९.९ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड वर उचलून ठेवलेले, पाच लिटरच्या वेगळ्या डब्यासह, डबा उघड्या डेकवर मोकळ्या हवेत. मागच्या पट्टीचे माप घेतले, दोन्हींना २० इंची दांडा बसतो. चार बाके काढली आहेत. जिल्हा कार्यालयात अर्ज दिला आहे आणि पेट्रोल इंजिनाला मनाई झाली, तर दुसरी तेवढीच बॅटरी घेऊन माणसे सहावर आणणार आहोत. उत्तर हाती येईपर्यंत खरेदी थांबवली आहे.

जुना वर्कशॉपवाला

वर्षातून दहा दिवस चालणाऱ्या बोटीला दोन यंत्रे हे एरवी मी जास्तच म्हटले असते, पण आकडे समोर असताना मला आक्षेप घेता येत नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवा. राखीव इंजिन दर खेपेला निघण्याआधी पाच मिनिटे पाण्यात चालवून पाहा आणि त्याच्या बाजूने थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते की नाही ते बघा. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्याने आतला रबरी पंप झिजतो, तो दोन वर्षांनी बदलावा. आणि गोड्या पाण्यात जस्ताचे संरक्षक तुकडे नीट काम करत नाहीत, तिथे मॅग्नेशियमचे लावा, नाहीतर झीज इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या अंगाची होते. दोन्ही यंत्रांचा एकेक जादा पंखा, पाना आणि जाळी कापायचा सुरा बोटीतच असू द्या.

खंडवारोड

राखीव इंजिन असेल तर माझी हरकत उरत नाही. छत मात्र एका माणसाला दोन मिनिटांत गुंडाळता येईल असेच बांधून घ्या.

अहिल्याघाट

आईंना कोणत्या महिन्यात नेणार आहात?

रेवातीर

तिला गावाचे अवशेष पाहायचे नाहीत, उन्हाळ्यात ते उघडे पडतात तेव्हा जाऊ नये असे ती म्हणते. भरलेले पाणीच तिला पाहायचे आहे. म्हणून परवानगी वेळेत आली, तर मार्गशीर्षात, सकाळी साडेसातला निघून अकराच्या आत परत.

पुनासाकर

त्या दिवसांत सकाळी धुके असते, तेव्हा साडेसातऐवजी साडेआठ धरा. वारा बहुधा दुपारनंतरच उठतो, त्यामुळे बारापर्यंत परतलात तरी चालेल. निघण्याच्या आठवडाभर आधी इथे कळवा. जाळी कोणत्या बाजूला लावली आहेत, हे मी तिथल्या मासेमारांना विचारून सांगेन आणि हवे असल्यास पुढे एक नावही ठेवतो.